पाठीतल्या बांध्या

दवाखान्याच्या रजिस्टरात तीन रकाने आहेत:
बरा, मेला, लाखांदूरला पाठवला.
ढिवरटोलीचा भुऱ्या
मला तिन्हींत बसवता आला नाही.

ऐन मळणीत धानाची ट्रॉली त्याच्या पाठीवरून गेली.
बरगड्या संपतात तिथून मागे
सगळं गप्प.
परबताबाई नान्हे त्याला मासळीच्या टोपलीतून घेऊन आल्या.
मी शेपटीला चिमटा लावला, जोरात,
त्याने वळूनही पाहिलं नाही.
म्हटलं, बाई, सुई देऊन मोकळं करू.

बाई बोलल्या नाहीत. सवयीने
त्याच्या कुशीवरची गोचीड काढू लागल्या
आणि मागचा पाय उठला.
हवेतच खाजवू लागला, भरभर, ठेक्यात,
आणि भुऱ्या माझ्या चहाशेजारच्या बिस्किटाकडे बघत होता.
त्याला खबरच नव्हती.

"हा तं हालून रायला ना जी."
तो नाही हलत, मी समजावलं, त्याची पाठ हलवते आहे.
"मंग पाठ कोनाची हाय?"

मी शिकलो होतो ते परीक्षेपुरतं:
मेंदू साहेब, कणा चपराशी,
वरून हुकूम, खाली पाय.
त्या रात्री लाइट गेलेली, बॅटरीच्या उजेडात
जुनं पुस्तक उघडलं तर
तिथे चपराशी नव्हता, आख्खी टोली होती.
लाखो पेशी, एकमेकींना डिवचणाऱ्या, दाबणाऱ्या.
डावीकडच्या बोलतात तेव्हा उजवीकडच्यांचं तोंड धरतात,
मग थकतात, मग पलीकडून सुरू होतं,
आणि या भांडणाला आपण चालणं म्हणतो.
त्यातल्याच कितीतरी खाजवतात.
त्याच पोहतात.
कायमची नेमणूक फार थोड्यांची.

हे मी बाईंना सांगितलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवसापासून
त्या त्याला बोडीत नेऊ लागल्या,
पोटाखाली जुन्या लुगड्याची झोळी,
गुडघाभर पाणी, बाजूला जाळं.
पाण्याने वजन घेतलं.
सतराव्या दिवशी उजवा पाय,
तेविसाव्या दिवशी डावा, उलटा,
मग आठवडाभर काहीच नाही,
आणि नंतर एका संध्याकाळी दोन्ही,
कमळाच्या देठात अडकत, सुटत.

मामा तलावाचा पाट खचला ते साल आठवलं.
खालच्या बांध्या सुकणार असं सगळेच म्हणाले.
पण पाणी धुऱ्याच्या फटीतून, खेकड्याच्या बिळातून,
या बांधीतून त्या बांधीत सरकत
शेवटच्या धानापर्यंत गेलं,
उशिरा, गढूळ, पण गेलं.
कण्यातही लांबचा पाट तुटला की
जवळजवळच्या आखूड पेशी
निरोप हातोहात पुढे देतात म्हणे.

पण पाण्याला उतार असतो.
पेशीला कसला उतार?
रोजच्या त्या झोळीचा?
पुस्तकात इथे एक आकृती आहे, बाणांची,
बाण कुणी ओढले ते नाही.

फाल्गुनात भुऱ्या चालत दवाखान्यात आला.
चालत म्हणजे,
पुढचे पाय एका गावाला, मागचे दुसऱ्या.
वळताना बसतो. पायरी जमत नाही.
थांबला तरी मागचे दोन पाय
आणखी दोन पावलं टाकून घेतात,
बिदागी मिळूनही वाजवत राहिलेल्या वाजंत्र्यांसारखे.
परबताबाई म्हणाल्या,
"आयकत नाई ते त्याचं. पन संग येतेत."

मी पेन्सिलने चौथा रकाना आखला.
तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट ठेवून विचारलं,
हा कुठला?
वर नाव लिहायचं राहिलं होतं.
खाली भुऱ्यापुढे मी लिहिलं होतं:
चालू.